२ ते १५० किलोहर्ट्झ : डीपीखालच्या लाइनचं मॉडेल मोजमापाशी जुळत नाही, गणितात काय सुटतंय?

रावेर_फीडर

राम राम मंडळी. रावेर तालुक्यातल्या एका केळीच्या रायपनिंग सेंटरचं लो व्होल्टेज मॉडेल बनवतोय. मांडणी अशी :

११ केव्ही / ४३३ व्होल्ट, १०० केव्हीए डीपी (म्हणजे गावाकडचा ट्रान्सफॉर्मर), इम्पिडन्स ४.५ टक्के. सेंटर डीपीच्या जवळच आहे. आर फेजवर ५ किलोवॅटचा सिंगल फेज सोलर इन्व्हर्टर आणि त्याच फेजवर चेंबरमधली हवा फिरवणाऱ्या पंख्यांचे पाच सिंगल फेज ड्राइव्ह. तिथून ३५ चौरस मिमी एबी केबलने (खांबावरून जाणाऱ्या, एकत्र पिळलेल्या इन्सुलेटेड तारा) ६० मीटरवर पॅकिंग शेड. शेडमध्ये दहा-बारा एलईडी ट्यूब, बॅटरीवरच्या लोडर गाडीचा चार्जर आणि इलेक्ट्रॉनिक वजनकाटा.

तक्रार काट्याची. ऊन चढलं की रिकाम्या काट्यावर आकडा हलतो, संध्याकाळी शांत. क्लॅम्पवरच्या पॉवर अ‍ॅनलायझरला व्होल्टेजचा टीएचडी (हार्मोनिकमुळे येणारी एकूण विकृती) ३ टक्क्यांच्या आत दिसतो, म्हणजे तिथे काही सापडत नाही. स्कोप लावल्यावर ३२ किलोहर्ट्झच्या आसपास टोक दिसलं. इन्व्हर्टरच्या एमसीबीपाशी ०.३ अँपिअर, आणि शेडच्या इनकमरवर जवळजवळ ०.६. मुळाशी कमी आणि टोकाला दुप्पट!

मॉडेल ओपनडीएसएस या वीज नेटवर्कच्या सॉफ्टवेअरमध्ये, हार्मोनिक मोडला आहे. इन्व्हर्टर म्हणजे करंट सोर्स, ट्रान्सफॉर्मर म्हणजे आर अधिक जेएक्स, केबलचा रेझिस्टन्स टेबलमधला, बाकीचे लोड त्यांच्या किलोवॅटवरून काढलेले रेझिस्टन्स. २ किलोहर्ट्झपर्यंत जुळतं. ३२ किलोहर्ट्झला मॉडेल म्हणतं शेडकडे जेमतेम काही मिलिअँपिअर जातात. प्रश्न असा की सोर्सचं स्पेक्ट्रम चुकतंय की नेटवर्क?

---

सातपुडा_ग्रिड

नेटवर्क. सोर्सला तूर्त हात लावू नका.

५० हर्ट्झच्या सवयीने आपण धरून चालतो की हार्मोनिक करंट डीपीकडे जातो, कारण तिथला इम्पिडन्स सगळ्यांत कमी. २ किलोहर्ट्झच्या वर हे उलटतं. तुमच्याच डीपीचा हिशोब करा. बेस इम्पिडन्स १.८७५ ओहम, त्याचे ४.५ टक्के म्हणजे ०.०८४ ओहम. त्यातला जवळपास सगळा भाग रिअ‍ॅक्टन्स, म्हणजे लीकेज इंडक्टन्स अंदाजे ०.२६ मिलिहेन्री. ३२ किलोहर्ट्झला तो होतो ५१ ओहम. वरच्या फ्रिक्वेन्सीला लीकेज थोडा घटतो आणि रेझिस्टन्स वाढतो, पण चित्र तेच राहतं : डीपी ही भिंत आहे. आणि शेजारच्या उपकरणाच्या ईएमआय फिल्टरमधला (विजेतला गोंगाट गाळणारा) १ मायक्रोफॅरडचा एक्स कपॅसिटर, म्हणजे फेज-न्यूट्रलमध्ये बसणारा, त्याच फ्रिक्वेन्सीला फक्त ५ ओहम. करंट शेजारीच मुरणार.

तुमच्या मॉडेलमध्ये लोड किलोवॅटवरून आलेत, आणि खरी चूक तिथेच आहे. ५० हर्ट्झला लोडची ओळख त्याची पॉवर. ३२ किलोहर्ट्झला ओळख फक्त त्याच्या तोंडाशी बसलेल्या फिल्टरची. १८ वॅटची ट्यूब आणि ३ किलोवॅटचा हीटर घेतला, तर या पट्ट्यात ट्यूब 'मोठी' ठरू शकते. म्हणून प्रत्येक लोडच्या जागी निदान एक कपॅसिटर आणि त्याच्या सिरीजला थोडा रेझिस्टन्स ठेवा.

तुमचे आकडे धरून बघू. पंख्यांच्या ड्राइव्हमध्ये प्रत्येकी १ मायक्रोफॅरड म्हणजे सेंटरच्या बसवर ५, आणि शेडमध्ये चार्जर व ट्यूबा मिळून १ धरू. एबी केबलचा जाऊन-येऊन इंडक्टन्स मीटरला साधारण ०.५ मायक्रोहेन्री, ६० मीटरला ३०. आता ५ मायक्रोफॅरड, ३० मायक्रोहेन्री आणि १ मायक्रोफॅरड हे एक बंद वर्तुळ आहे. दोन कपॅसिटर सिरीजमध्ये ०.८३३. रेझोनन्स येतो ३१.८ किलोहर्ट्झला. तुमचं टोक तिथेच बसलंय. इन्व्हर्टर फक्त झोका देतो, झुलतंय ते दोन फिल्टरांमधलं वर्तुळ.

आता 'दुप्पट' कुठून आलं ते. रेझोनन्सला शेडकडचा करंट म्हणजे इन्व्हर्टरचा करंट गुणिले पाच मायक्रोफॅरडचा रिअ‍ॅक्टन्स (जवळपास १ ओहम) भागिले वर्तुळाचा एकूण रेझिस्टन्स. ३५ चौरस मिमी अ‍ॅल्युमिनियमचा टेबलमधला रेझिस्टन्स किलोमीटरला ०.८६८ ओहम, जाऊन-येऊन १२० मीटरला ०.१०४. तो घातलात तर उत्तर येईल साडेनऊ पट. पण ३२ किलोहर्ट्झला अ‍ॅल्युमिनियमची स्किन डेप्थ, म्हणजे करंट तारेच्या पृष्ठभागाखाली जितका खोल शिरतो तितकी जाडी, अर्धा मिलिमीटरही भरत नाही (०.४७), आणि तारेची त्रिज्या ३.४ मिलिमीटरच्या आसपास. नुसत्या स्किन इफेक्टने रेझिस्टन्स पावणेचार पट होतो, ०.४ ओहम. वर शेजारच्या तारेचा प्रॉक्झिमिटी इफेक्ट आणि कपॅसिटरांचा आतला रेझिस्टन्स धरून ०.५. एकाला ०.५ ने भागा. दुप्पट. तुमच्या स्कोपने ०.३ चे ०.६ दाखवले ते बरोबरच आहेत.

म्हणजे इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स टोक कुठे येणार ते ठरवतात, रेझिस्टन्स ते किती उंच ते ठरवतो. पहिलं बऱ्यापैकी जमतं. दुसऱ्यात पाचपट चूक सहज होते, आणि पुष्कळ प्रकल्प अहवालांत ती झालेली असते, कारण केबलचा डीसी रेझिस्टन्स कुणी बदलतच नाही.

ओपनडीएसएसमध्ये लाइन जॉमेट्रीवरून दिलीत तर तो फ्रिक्वेन्सीप्रमाणे रेझिस्टन्स काढतो. आर-एक्स मॅट्रिक्स हाताने दिलीत तर नाही. एवढ्या लहान नेटवर्कला मात्र पायथनमध्ये नोडल अ‍ॅडमिटन्स मॅट्रिक्स स्वतः लिहिलेली बरी : २ ते १५० किलोहर्ट्झ, १०० हर्ट्झच्या पायरीने, दर पायरीला मॅट्रिक्स नव्याने भरायची. दीड हजार पायऱ्या, साधा लॅपटॉपही काही सेकंदांत उरकतो.

लांबीचं एक पथ्य. १५० किलोहर्ट्झला हवेतली वेव्हलेंग्थ २ किलोमीटर, इन्सुलेटेड केबलमध्ये त्याच्या निम्म्याच्या जवळपास. एक पाय (π) सेक्शन, म्हणजे मॉडेलमधला लाइनचा एक तुकडा, तिच्या दहाव्या भागाहून लांब नको. एबी केबलचे १०० मीटरच्या आतले तुकडे करा. शेतातल्या उघड्या विझल कंडक्टरला (स्टीलच्या गाभ्याची अ‍ॅल्युमिनियम तार) २०० मीटर चालतात, पण तिथे ३०० मिमी अंतरावरच्या दोन तारांचा जाऊन-येऊन इंडक्टन्स मीटरला १.७ मायक्रोहेन्री, एबीच्या तिप्पट-चौपट. तोच काटा, तोच चार्जर विझलवर असता तर टोक बरंच खाली सरकलं असतं.

---

रावेर_फीडर

हे लगेच लागू पडलं, वक्राचं टोक ३२ च्या जवळ आलं. पण दोन गोष्टी अडतात. इन्व्हर्टरचं स्विचिंग डेटाशीटमध्ये १६ किलोहर्ट्झ लिहिलंय, मग ३२ च का? आणि पाचपैकी तीन ड्राइव्ह स्टॉप केले तरी काटा हलतोच. सेंटरचे ५ मायक्रोफॅरड २ झाले तर रेझोनन्स ३५.६ ला जायला हवा ना?

---

सातपुडा_ग्रिड

सिंगल फेज फुल ब्रिज बहुधा युनिपोलर पीडब्ल्यूएमवर (स्विचिंगची एक पद्धत) चालतो. ब्रिजच्या दोन्ही लेगचे १६ किलोहर्ट्झचे भाग आउटपुटमध्ये एकमेकांना मारतात आणि पहिला मोठा गट दुप्पट फ्रिक्वेन्सीला येतो : ३१.९५ आणि ३२.०५. थ्री फेज असता तर १५.९ आणि १६.१ दिसले असते, नेमके १६ लाइन-टू-लाइन व्होल्टेजमध्ये नसतात. टोकाच्या दोन्ही बाजूंच्या या जोड्या पाहून इन्व्हर्टर कोणत्या जातीचा ते झाकण न उघडता कळतं.

ड्राइव्ह स्टॉप केला तरी त्याचा फिल्टर लाइनवरच असतो. कीपॅडवरचं स्टॉप फक्त मोटरची बाजू थांबवतं. एमसीबी खाली करा, मग कपॅसिटर निघेल आणि टोक हलेल. ही चाचणी फुकटची आहे, आधी तीच करा.

---

धुळे_पीक्यू

भाऊ, मॉडेल पुढे न्यायच्या आधी मोजमाप कशाने केलं ते सांगा. या पट्ट्यात चुकीचं यंत्र रिकाम्या हाताने परत पाठवत नाही, खोटा आकडा देतं.

पॉवर अ‍ॅनलायझरने काही दाखवलं नाही ते स्वाभाविक. ५० व्या हार्मोनिकपर्यंत म्हणजे २.५ किलोहर्ट्झला त्याचं काम संपतं. सायकलला २५६ सॅम्पल घेणारं यंत्र म्हणजे १२.८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग. आतला अँटी-अलायझिंग फिल्टर (सॅम्पलिंगच्या आवाक्याबाहेरचे सिग्नल अडवणारा) ढिला असेल तर १६ किलोहर्ट्झचा सिग्नल त्यात ३.२ किलोहर्ट्झ बनून दिसतो. मग माणूस ६४ व्या हार्मोनिकचा उगम शोधत बसतो, जो अस्तित्वातच नाही.

व्होल्टेजसाठी ८ बिटचा स्कोप आणि १०० पट डिफरन्शिअल प्रोब घेतला तर ८०० व्होल्टच्या पट्ट्यात एक पायरी ३ व्होल्टची. तुमचा सिग्नल एक-दोन व्होल्टचा, म्हणजे तो पायऱ्यांमध्येच हरवतो. १२ बिट घेतला तर पायरी ०.२ व्होल्ट, जेमतेम. म्हणून ५० हर्ट्झ आधीच गाळा. फेजमध्ये १०० नॅनोफॅरड एक्स२ कपॅसिटर, पुढे १.६ किलोओहम न्यूट्रलला : कटऑफ १ किलोहर्ट्झ. २३० व्होल्टचे साडेअकरा उरतात. असे दोन टप्पे ठेवले तर अर्धा-पाऊण व्होल्ट, आणि ३२ किलोहर्ट्झ जवळपास जसाच्या तसा. कपॅसिटर एक्स२ च हवा, बाजारातला साधा पॉलिएस्टर नको. कपॅसिटरच्या आधी, फेजच्या बाजूला, १०० मिलिअँपिअरचा फ्यूज. आणि कुणी कितीही सांगितलं तरी स्कोपची ग्राउंड क्लिप न्यूट्रलला लावू नका. गावाकडे फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले बोर्ड ढिगाने आहेत.

करंटला रोगोव्स्की कॉइल (तारेभोवती गुंडाळायची, लोखंडी गाभा नसलेली). साधी मीटरिंगची सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) ३२ किलोहर्ट्झला काय देईल याचा भरवसा नाही, आणि फेज अँगल तर नाहीच. इम्पिडन्स काढायचा तर अँगल लागतोच.

सॅम्पलिंग सेकंदाला १० लाख, विंडो २०० मिलिसेकंद. एफएफटीच्या रेषा ५ हर्ट्झवर पडतील. ४०-४० रेषांचे वर्ग बेरजून २०० हर्ट्झचे पट्टे करा, म्हणजे आयईसी ६१०००-४-७ या मोजमापाच्या मानकातल्या पद्धतीशी ताळमेळ राहील. ६१०००-४-३० च्या २०१५ च्या आवृत्तीत ९ ते १५० किलोहर्ट्झसाठी २ किलोहर्ट्झचे पट्टे आहेत, पण ती पद्धत २०० मिलिसेकंदांतून अर्ध्या-अर्ध्या मिलिसेकंदाचे ३२ तुकडेच बघते. म्हणजे ८ टक्के वेळ. पाहणीला ठीक, मॉडेल जुळवायला नाही. दोन यंत्रांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी पट्टा २०० चा की २००० चा ते विचारा, निम्मे वाद तिथेच मिटतात.

आता मुद्द्याचं. सातपुडा यांनी कपॅसिटर 'धरले'. ते मोजता येतात. १ मायक्रोफॅरड एक्स२ आणि सिरीजला १० ओहमचा पल्स सोसणारा रेझिस्टर एका सॉलिड स्टेट रिलेने व्होल्टेजच्या शिखरावर जोडा (झिरो क्रॉसिंगवाला रिले चालणार नाही, रँडम टर्न-ऑनचा घ्या). क्षणभर ३२ अँपिअर जातील आणि लाइन घंटेसारखी वाजेल. त्या सायकलमधून आधीची सायकल वजा करा, उरलेल्या व्होल्टेजच्या एफएफटीला उरलेल्या करंटच्या एफएफटीने भागा. २ ते १५० किलोहर्ट्झचा इम्पिडन्स एका झटक्यात मिळतो. वीसेक झटक्यांची सरासरी घ्या. कपॅसिटरवर ४७० किलोओहमचा ब्लीडर विसरू नका, नाहीतर सोडवताना हात झटकाल.

सेंटरच्या बसवर एकदा आणि शेडमध्ये एकदा. दोन वक्र मिळाले की मॉडेलमधले दोन कपॅसिटर आणि एक रेझिस्टन्स त्यांच्यावर बसवायचे, अंदाज संपला.

---

तापी_नॉर्टन

वरचं सगळं मान्य, पण इम्पिडन्स हा एक आकडा नाही, एवढं लिहून ठेवा.

पंख्याचा ड्राइव्ह पुढून डायोड ब्रिज आहे. व्होल्टेजच्या शिखरापाशी दोन-तीन मिलिसेकंद डायोड चालतात आणि तेवढ्यापुरता आतला मोठा डीसी कपॅसिटर लाइनला जोडला जातो. बाकीच्या वेळी बाहेर फक्त एक्स कपॅसिटर. म्हणजे इम्पिडन्स दर १० मिलिसेकंदांत दोन रूपं घेतो. धुळेभाऊंची चाचणी शिखरावरच घ्यायची म्हटल्यावर नेमकी चालू डायोडवाली बाजू मोजली जाते. म्हणून ३०, ६० आणि ९० अंशांवर वेगवेगळी घ्या. ३० अंशांना लाइनवर १६० व्होल्टच असतात, झटका निम्मा. तिथे सरासरीला जास्त झटके लागतील.

सुटा नॉर्टन, म्हणजे प्रत्येक फ्रिक्वेन्सीला एक करंट सोर्स आणि एक इम्पिडन्स, सोलर इन्व्हर्टरला बरा चालतो. डायोड ब्रिजच्या गर्दीत तो ढिला पडतो. ३२ किलोहर्ट्झचा करंट १०० हर्ट्झने उघड-झाप करणाऱ्या इम्पिडन्समधून गेला की शेजारी ३२ अधिक-उणे ०.१, ०.२ अशा रेषा उगवतात, ज्या इन्व्हर्टरने कधी सोडलेल्याच नव्हत्या. २०० हर्ट्झच्या पट्ट्यात त्या बऱ्याचशा झाकल्या जातात म्हणून चालून जातं. वेळेप्रमाणे बघायचं असेल तर एलटीस्पाइसमध्ये ब्रिजसकट उभं करा, टाइम स्टेप ०.२ मायक्रोसेकंदाच्या वर नको. पाच ड्राइव्ह आणि एक चार्जर इतकं सहज पेलतं. अख्खा फीडर नाही.

उद्या त्याच फेजवर दुसरा तसाच इन्व्हर्टर आला तर दोघांची बेरीज सरळ करू नका, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायची पद्धतही नको. ५० पीपीएमचा क्रिस्टल म्हणजे ३२ किलोहर्ट्झला १.६ हर्ट्झचा फरक. दोघं कधी एका सुरात, कधी विरुद्ध. बीट साधारण अर्ध्या-पाऊण सेकंदाची. २०० मिलिसेकंदांची एक विंडो दर वेळी वेगळं सांगेल. किमान काही मिनिटांचं रेकॉर्डिंग हवं, आणि मॉडेलमध्ये फेज अँगल रँडम घेऊन काही शे वेळा फिरवायचं. शेडमधल्या कपॅसिटरचंही तसंच : आणखी एखादा चार्जर लागला आणि १ मायक्रोफॅरडचे ३ झाले की टोक २१ किलोहर्ट्झला येतं. सरासरी कपॅसिटर घेऊन काढलेला एक वक्र दिसायला छान, कामाला शून्य.

काट्याबद्दल. मला तिथे फेज-न्यूट्रलपेक्षा कॉमन मोडचा वास येतो, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्हींतून एकाच दिशेने जाऊन जमिनीवाटे परतणारा करंट. दोन पिनचा अ‍ॅडॉप्टर, आत प्रायमरी-सेकंडरीमध्ये २.२ नॅनोफॅरडचा वाय कपॅसिटर. ३२ किलोहर्ट्झला तो २.२६ किलोओहम; दीड व्होल्टला ०.६६ मिलिअँपिअर काट्याच्या ग्राउंडमधून. लोड सेलचा फुल स्केल सिग्नल ५ व्होल्ट एक्साइटेशनला साधारण १० मिलिव्होल्ट. अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी तो हाय फ्रिक्वेन्सी सिग्नल रेक्टिफाय होतो आणि खोटा डीसी ऑफसेट बनतो, मग पुढचं सॅम्पलिंग कितीही सावकाश असो. वर आपल्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो, त्याचा रेझिस्टन्स चढतो आणि कॉमन मोडला परतीची वाट वायरिंगमधूनच शोधावी लागते.

काटा त्याच्या बॅटरीवर चालवा, अ‍ॅडॉप्टर पिनसकट काढून. आकडा स्थिर झाला तर वाट अ‍ॅडॉप्टरचीच.

---

केळीपट्टा_वायरमन

तोपर्यंत काट्याच्या वायरला बाजारातलं क्लिपवालं फेराइट लावून भागेल का? आणि याच भानगडीमुळे मीटर जास्त पळतो असं गावात म्हणतात, ते खरं का?

---

धुळे_पीक्यू

फेराइट नाही. ते काही मेगाहर्ट्झच्या पुढे काम करतं. ३२ किलोहर्ट्झला एका वेढ्याचा इंडक्टन्स १ मायक्रोहेन्रीच्या घरात, म्हणजे ०.२ ओहम. पैसे वाया.

मीटरचं : २०१७ मध्ये नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाच्या चाचण्यांत काही इलेक्ट्रॉनिक मीटरांनी ५८२ टक्क्यांपर्यंत जास्त रीडिंग दाखवलं होतं, काहींनी ३२ टक्के कमी. पण तिथे डिमरवर लावलेले एलईडी-सीएफएल होते, करंटचे अगदी तीव्र झटके. इथे तसा लोड नाही. शंका असेल तर चेक मीटर सिरीजला लावून घ्या, गावातल्या चर्चेवर बिल लढवू नका.

---

रावेर_फीडर

एमसीबीची चाचणी झाली. तीन ड्राइव्हचे एमसीबी खाली केल्यावर शेडकडचा ३२ किलोहर्ट्झचा करंट ०.६ वरून ०.३५ ला आला. बॅटरीवर काटा शांत. आता उपाय मॉडेलमध्ये तपासायचाय. शेडमध्ये आणखी एक कपॅसिटर टाकून टोक खाली सरकवावं म्हणतो.

---

सातपुडा_ग्रिड

नुसता कपॅसिटर टाकू नका. टोक खाली सरकेल, पण उद्या कुणी १६ वर चालणारा थ्री फेज इन्व्हर्टर लावला आणि शेडचा कपॅसिटर १० मायक्रोफॅरडला पोचला असेल, तर पाच-तीस-दहाचं वर्तुळ नेमकं १६ किलोहर्ट्झला बसतं. ती शिट्टी मग शेडमधल्या पोरांना ऐकू येईल, मुकादमाला नाही.

डॅम्पर घाला : ४.७ मायक्रोफॅरड एक्स२ आणि सिरीजला ५.६ ओहम, शेडच्या बसवर फेज-न्यूट्रल. रेझिस्टरचा आकडा इंडक्टन्स भागिले शेडचा कपॅसिटन्स, त्याचं वर्गमूळ (३० भागिले १, म्हणजे ५.५), आणि डॅम्परचा कपॅसिटर शेडच्या चौपट किंवा जास्त. ५० हर्ट्झला यातून ०.३४ अँपिअर जाईल, रेझिस्टरमध्ये ०.६५ वॅट, ३२ किलोहर्ट्झचे ०.६ अँपिअर सगळे त्यातून गेले तरी आणखी २ वॅट. १० वॅटचा घ्या, नॉन-इंडक्टिव्ह. साधा वायरवाउंड स्वतःच मायक्रोहेन्री घेऊन येतो. डॅम्परच्या तोंडाशी २ अँपिअरचा फ्यूज, डबा प्लास्टिकचा नको.

दुसरा मार्ग इन्व्हर्टरच्या आउटपुटला १०० मायक्रोहेन्रीचा चोक. ५० हर्ट्झला ०.०३ ओहम, २२ अँपिअरला पाऊण व्होल्टही पडत नाही. ३२ किलोहर्ट्झला २० ओहम. पण तो इन्व्हर्टरच्या आतल्या एलसीएल फिल्टरच्या पुढे बसतो, कंट्रोल लूप डळमळू शकतो, म्हणून कंपनीला विचारल्याशिवाय नको. लोहाच्या गाभ्याचा तर नकोच, तो या फ्रिक्वेन्सीला तापतो.

दोन्ही मॉडेलमध्ये चालवून बघा, शेडचा कपॅसिटर ०.५ ते १० मायक्रोफॅरड आणि सेंटरचा २ ते ५ असा फिरवत. डॅम्परच्या वक्रात कुठेही टोक दीडपटीच्या वर गेलं तर ५.६ चा ३.९ करून पाहा. ०.३५ अँपिअरचा आकडा मात्र मला जरा कमी वाटतो. रेझोनन्स ३५.६ ला सरकला असेल तर डायोड चालू असतानाचा इम्पिडन्स पण त्यात मिसळलाय, ३० अंशांवरची चाचणी घेऊन कच्ची फाइल इथे टाका. सॅम्पलिंग रेट आणि रोगोव्स्कीचा अँपिअरला किती मिलिव्होल्ट ते फाइलच्या नावातच लिहा.